छातीवरचा दुसरा ठोका

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, त्या दुपारी, हॉस्पिटलच्या खोलीतला पंखा कुणी बंद केला होता, हे प्राध्यापक धनराज साळव्यांना आता खात्रीनं सांगता येत नाही. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या आठवणीवर त्यांचा कधी भरवसा नव्हता. उकडत होतं, एवढं मात्र पक्कं. एप्रिलातलं नाशिक, खिडक्या बंद, एसी बंद, वर बायकोच्या, लताबाईंच्या, अंगावर ब्लँकेट. गार लागलं तर नव्या जागेतली रक्तवाहिनी आखडते, असं डॉक्टर म्हणाले होते.

कॅन्सरनं लताबाईंचा डावा स्तन गेला होता. त्या जागी डॉक्टरांनी त्यांच्याच पोटाची कातडी आणि चरबी रक्तवाहिनीसकट उचलून बसवली होती. बाहेरचं काही नको, हा हट्ट बायकोचाच. सही करताना हसल्या होत्या. "या पोटानं मला एकसुद्धा मूल दिलं नाही. आता एवढं तरी देऊ दे."

धनराज पंचवटीतल्या घरून पेज घेऊन आले, तेव्हा सिस्टर तेजस्विनी तपासत होती. पेनासारखी एक काडी ती त्या जागेवर टेकवायची आणि हातातल्या छोट्या मशीनमधून रक्त वाहण्याचा आवाज यायचा. सुस्... सुस्... तो आला की जागा जिवंत.

आज कातडी जांभळी पडली होती. तरी आवाज आला. पण भलताच भरभर.

तेजस्विनीनं लताबाईंचं मनगट धरलं. नाडी संथ होती. छातीवरचा ठोका तिच्या दुपटीनं पळत होता.

"मशीन बिघडलंय," धनराज म्हणाले.

"नाही हो काका..." तिनं काडी स्वतःच्या मनगटावर धरून पाहिली. बरोबर. पुन्हा छातीवर. तेच. "मी आधी प्रसूती वॉर्डला होते. हा आवाज तिथं रोज... काकू, तुम्हाला कधी..."

"सातव्या महिन्यात गेलं," लताबाई म्हणाल्या. "कळवणला, शेताच्या बांधाशी पुरलं. यांनी तोंडसुद्धा बघू दिलं नाही. म्हणे, तुला त्रास होईल. शिकलेला माणूस ना!"

औषधांच्या वासात मध्येच आंबूस दुधाचा वास मिसळला.

"कान लावा."

"लता, अगं..."

"लावा म्हणते ना!"

धनराज वाकले. कातडी तापलेली होती. आणि आतून काहीतरी, इवल्या टाचेएवढं, हळूच त्यांच्या गालाला लागलं...

डॉक्टर धावत आले, रंग पाहिला आणि लताबाईंना परत आत नेलं. स्ट्रेचरवरून त्या एवढंच म्हणाल्या, "काढलंच, तर जाळू नका. पुरा."

संध्याकाळी ती जागा सपाट होती. धनराजांनी डॉक्टरांकडे काढलेलं मागितलं.

"देता येत नाही, सर. पिवळ्या पिशवीतून जाळायला जातं. नियमच आहे तसा."

लताबाई त्यानंतर काही वर्षं जगल्या. नवऱ्याशी बोलणं जेवणापुरतं. एकदाच म्हणाल्या, "दोनदा नेलंत."

त्या गेल्यावर धनराज डॉक्टरांना भेटले. आपल्याच डोक्याची शहानिशा करायची होती.

"रक्तवाहिनी केव्हा बंद पडली होती?"

"पहिल्याच रात्री. आत घट्ट गुठळी होती. दुसऱ्या दिवशी आवाज यायचं कारणच नव्हतं."

"म्हणजे मला भास..."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"भास नव्हता, सर. तो आवाज आम्हीही ऐकला. म्हणून तर कापून ट्रेमध्ये ठेवल्यावर पुन्हा काडी टेकवली... पिशवीत घातलं, तेव्हाही ठोका चालूच होता."