वरच्या खोलीचा चुना

प्राचीन वायू प्रयोगशाळेतला थरवाचक यंत्र सकाळी अकरा वाजता थांबलं. पडद्यावर चुन्याच्या थरांच्या वीस रेघा उमटल्या होत्या. तंत्रज्ञ अनंत वझे यांनी त्या दोनदा मोजल्या आणि समोर बसलेल्या वकील यशोधन नवाथे यांना ते म्हणाले, "तुमच्या वरच्या खोलीत भूत नव्हतं. माणूस होतं. एकोणीस वर्षं."

नवाथे हसले. "वझे, मी चुन्याचं वय विचारायला आलोय. रविवारी आमच्या बंगल्यात पर्यटकांसाठी भूतफेरी सुरू होतेय. प्रमाणपत्र द्या, मी निघतो."

कृष्णेकाठचा नवाथे बंगला दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. यशोधनच्या पणजोबांनी, रावसाहेबांनी, बंगल्याच्या व्हरांड्यात गावातली मुलींची पहिली शाळा भरवली होती. आणि १९१८च्या साथीत गेलेली त्यांची पहिली बायको वरच्या खोलीत वावरते, असं लोक सांगत. खोलीला तेव्हापासून कुलूप होतं. १९३८मध्ये दार विटांनी बुजवलं. बंगला सांभाळणाऱ्या ट्रस्टनं ते गेल्या महिन्यात फोडलं.

"रेघांवरून माणूस कसं कळतं?" नवाथेंनी विचारलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. शर्मिष्ठा घांग्रेकर यांनी सांगितलं, "ओला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि दगड होतो. त्याला काही आठवडे लागतात. मग तो थर बंद. पुढच्या दिवाळीआधी वर नवा थर. प्रत्येक थरात त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराची खोलीतली हवा अडकते. श्वासातला कार्बन मोकळ्या हवेतल्या कार्बनपेक्षा वेगळा असतो. त्याला आम्ही श्वासखूण म्हणतो. बंद खोलीत ती ठळक येते."

"मग रंगाऱ्याचा श्वास असेल."

"रंगारी एका दिवसात जातो. चुना महिनाभर श्वास घेतो."

"तुमचं यंत्र चुकत असेल."

"ते माझ्या घरच्या भिंतीवर तपासलंय," वझे म्हणाले. "स्वयंपाकघराची भिंत. एकतीस थर दोन माणसांचे. वरचे तीन एका माणसाचे. बरोबर आहे ते."

घांग्रेकर मॅडमनी मान खाली घातली. तीन वर्षांपूर्वी त्या वझेंच्या पत्नी सुलभाताईंच्या अंत्यविधीला गेल्या होत्या.

नवाथेंनी हातातलं भूतफेरीचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. "समजा, असेल कुणी. बाईंना वेड लागलं असेल. त्या काळी लोक घरातच ठेवायचे. निदान दरवर्षी खोलीला चुना तरी द्यायचे. आबाळ केली नाही."

"कोण द्यायचं चुना?"

"घरचे. गडी."

"मी पाच उंचींवरून नमुने घेतलेत," वझे म्हणाले. आवाज चढू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. "छताजवळ एकच थर आहे. साडेसहा फुटांच्या वरही एकच. बाकीचे सगळे थर खाली, बाईचा हात पोचतो तिथपर्यंतच. गडी शिडी आणतो, नवाथे. हिला शिडी नव्हती. ब्रशही नव्हता, थरांत चिंधीचे धागे सापडलेत. तुमच्या घरच्यांनी दाराच्या फटीतून चुन्याचं भांडं आत सरकवलं आणि दार लावून घेतलं. भिंत तिनंच रंगवली. दर दिवाळीला. वेड म्हणता ना? एकोणीस दिवाळ्यांतली एकही तिनं चुकवली नाही."

वझेंनी माहितीपत्रक उचललं आणि पहिलंच वाक्य वाचून दाखवलं. "'दिवाळीच्या आधी वरच्या खोलीतून भिंत घासल्याचा आवाज येत असे.' हे कुणी ऐकलं होतं?"

"माझ्या आजोबांच्या बहिणीनं. लहानपणी." नवाथेंचा आवाज उतरला. "तिला सांगितलं होतं, वर जाऊ नकोस, भूत आहे."

"खाली मुलींना बाराखडी शिकवत होते आणि घरच्या मुलीला हे शिकवत होते. भूत म्हटलं की कुणी दार उघडत नाही. कुलपापेक्षा ते स्वस्त."

"काका," घांग्रेकर मॅडम वझेंना आवरत हळूच म्हणाल्या.

"नाही, मला बोलू द्या. यांना ती बाई फेरीत दाखवायचीय. नाव काय तिचं?"

"वंशावळीत 'प्रथम पत्नी' एवढंच आहे," नवाथे म्हणाले. मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तुम्ही एकोणीस म्हणता. रेघा वीस आहेत. विसावी कुणाची?"

वझेंनी नमुने एकामागून एक पडद्यावर आणले. "सोळाव्या थरापासून उंची कमी होत जाते. सतरावा खांद्यापर्यंत. अठरावा कमरेपर्यंत. एकोणिसावा जमिनीपासून दीड फूट. बसून दिलाय तो. श्वासखूण आहे, पण फिकट." त्यांनी शेवटचा नमुना आणला. "विसावा १९३८चा. तो छतापर्यंत आहे, कोपरे धरून, चांगल्या ब्रशनं दिलेला. त्यात श्वास नाही. त्या वर्षी घरच्यांना शिडी सापडली."

त्यांनी प्रमाणपत्राचा कागद पुढे ओढला. खोलीच्या वर्णनाच्या जागी ट्रस्टनं 'भुताची खोली' असं छापून दिलं होतं. वझेंनी ते खोडलं, वर 'वस्तीची खोली, १९१८ ते १९३७' असं लिहिलं आणि सही केली.