शंभरातले सदतीस

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या मक्यात उभा होता, तेही न विचारता. बांधावरून घसरून गुडघ्यापर्यंत चिखल, आणि लॅपटॉपची पिशवी मात्र डोक्यावर धरलेली. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

पुढच्या तीस वर्षांत कुठलं शेत वाढेल, कुठलं दुसऱ्यात विरून जाईल, कुठे पिकाऐवजी झाडं येतील, याचं कॉम्प्युटरवर मॉडेल बनवणं हे त्याचं काम. त्यासाठी निवडलेल्या दोनशे शेतांत आमचे अकरा एकरही होते. मी त्याला नकाशेवाला म्हणू लागले. महिनाभर तो चहाला येत राहिला. माहिती पहिल्याच दिवशी भरून झाली होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मग एका सकाळी त्याने बाबांना नकाशा दाखवला. नवव्या वर्षी आमचे अकरा एकर शेजारच्या मोठ्या मळ्याच्या रंगात मिसळून गेले होते. शेजारी कधीपासून जमीन मागतच होता. बाबा म्हणाले, उद्या त्याला होकार कळवतो, आता तर कॉम्प्युटरही तेच सांगतोय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नकाशेवाल्याला मी अंगणातच गाठलं.

"नववंच वर्ष का?"

"तेव्हा तुमचे बाबा सत्तरीचे होतात... आणि पुढे शेती करणारं कोणी नाही."

"मग मी कोण? बुजगावणं?"

तो गोरामोरा झाला. मुलगी असली की ती लग्न होऊन जाणार, असा नियम त्यानेच मॉडेलमध्ये घातला होता. महिनाभर मला ट्रॅक्टर चालवताना टक लावून बघत होता – आणि तरीही!

"बदला तो नियम. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने बदलला. भुरभुर पाऊस सुरू झाला, तेव्हा मी दोघांच्या डोक्यावर पोतं धरलं. दर वेळी पाऊस आणि बाजारभाव वेगळे धरून त्याने मॉडेल शंभर वेळा चालवलं. सदतीस वेळा आमचं शेत तिसाव्या वर्षीही आमच्याच रंगात राहिलं.

"सदतीसच," तो हळूच म्हणाला.

"मला एकदाच पुरे आहे."

बाबांसमोर मी तो आकडा ठेवला आणि सांगितलं की शेत मी करणार, कुणी काहीही म्हणो. त्यांनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला. शेजाऱ्याला निरोप गेला, पण नकाराचा.

निघताना नकाशेवाला फाटकाशी घुटमळला.

"एक रकाना रिकामा राहिलाय... तुमचं लग्न झालं तर?"

"नवरा इथे राहायला येईल. लिहा तसं."

"त्याला शेतीतलं काहीच येत नसलं तर?" तो चिखलाकडे बघत म्हणाला. "बांधावरून घसरत असला तर?"

मान खाली घालणं मला कधी जमलंच नाही.

"तर सदतीसचे तीस होतील," मी म्हणाले. "होऊ देत. मला तोच हवाय."

त्याने लॅपटॉपची पिशवी फाटकाला अडकवली. मी मक्याकडे वळले होते. मागून आवाज आला.

"येऊ का आत?"

या वेळी त्याने विचारलं होतं.