दुसरा कीबोर्ड

लाइट येईपर्यंत ऐका. आमच्या साडूंवर गुदरलेली गोष्ट आहे, पदरचं काही घालत नाही.

साडू इंजिनियर. त्यांची कंपनी खोटा कॉम्प्युटर बनवते. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा, नुसत्या प्रोग्रामचा. त्याला कीबोर्ड, माउस, सगळं खोटंच जोडायचं. कधी एकच वस्तू चुकून दोनदा जोडली जायची. दुसरी हुडकून काढून टाकायची, हे साडूंचं काम.

"काका, कॉम्प्युटरमध्ये भूत?"

तू दिवसभर मोबाइलमध्ये असतोस, ते चालतं ना? मग गप्प बस.

तीन डिसेंबर, शनिवारची रात्र. त्यांची बायको, म्हणजे आमची मेहुणी, जाऊन वर्षही झालं नव्हतं. घर खायला उठायचं, म्हणून साडू वरच्या खोलीत कामाला बसलेले. जास्तीची वस्तू हुडकणाऱ्या ओळी त्यांनी संध्याकाळीच लिहून कंपनीकडे पाठवल्या होत्या. मध्यरात्री त्या सगळ्या यंत्रांवर, साडूंच्याही, आपोआप लागू होणार होत्या.

झोप येईना, म्हणून त्यांनी खोटा कॉम्प्युटर चालू केला. एक कीबोर्ड जोडला. पडद्यावर दिसले दोन. सगळा कोड पालथा घातला. दुसरा कुठेच जोडलेला नव्हता. मग त्यांनी आपला जोडलेलाही काढला.

तरी एक उरला.

आणि अक्षरं उमटू लागली. साडूंचे हात मांडीवर होते.

अहो, जेवलात का?

"कुठे आहेस गं?" ते तोंडानेच बोलले.

इथे दार नाही.

"थांब. मी काढतो तुला बाहेर."

साडू पडद्याजवळ सरकले. मग...

तुमचा आवाज फार लांबून येतो.

तेवढ्यात साडूंना आठवलं. बारा वाजत आले होते. पाठवलेल्या ओळी थांबवायला त्यांनी घाई केली. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला.

अहो, मला कोण ओढ...

पडदा काळा झाला. मग एकच ओळ आली. जास्तीचं उपकरण सापडलं. काढून टाकलं.

ती ओळ साडूंनीच लिहिलेली.

पुढे त्यांनी त्या हुडकणाऱ्या ओळीच काढून टाकल्या. रात्र रात्र यंत्र चालू ठेवलं. हाका मारल्या. दुसरा कीबोर्ड पुन्हा आला नाही. नोकरी सुटली. आता माणसांत बसतात, पण नसल्यासारखे.

त्या पडद्यावर एक डाग आहे. काचेला तोंड लावून श्वास सोडला की वाफ धरते ना, तसा. मी स्वतः पुसून पाहिला. पुसला जात नाही.

आतून आहे...

आणि अजून वाळलेला नाही.