काचेतला डावा बूट

दुकानाची किल्ली बुधवारी सकाळी दहाला परत द्यायची होती, म्हणून मंगळवारी संध्याकाळी बूटवाले उरलेले खोके बांधायला गेले. एवढंच काम. माझ्या काकांची भुताची गोष्ट इथून सुरू झाली, आणि मी लगेच विचारलं की यात भूत कुठे आहे.

"तू आधी बस," काका म्हणाले.

जेवणं झाली होती. चुलत भावंडांनी हौसेने दिवा मालवला होता. काका घड्याळजी, त्यामुळे घाई हा प्रकार त्यांना माहीत नाही. ही ऐकीव गोष्ट नाही, असं त्यांनी बजावलं. बूटवाले त्यांचे शेजारी. दोन दुकानांत मिळून एकच भिंत, ती चाळीस वर्षं. तारीख गेल्या वर्षीची, अठरा नोव्हेंबर.

आमच्या शहरात रस्ते पुष्कळ आहेत, पण 'रस्त्यावर जाऊन येते' म्हटलं की कुठल्या असं कुणी विचारत नाही. काकांच्या आजोबांच्या काळी तिथे घोडागाड्या थांबायच्या आणि टोप्या, हातमोजे, छत्र्या मिळायच्या. मग ट्राम आली, ट्राम गेली, मोटारी आल्या, शेवटी मोटारींनाही बंदी झाली आणि नुसती माणसं उरली. तीही घ्यायला कमी आणि बघायला जास्त येतात. पण बघणाऱ्यांना एक गोष्ट कळत नाही. त्या रस्त्याला दोन बाजू आहेत, एक सावलीची आणि एक उन्हाची. रेशीम, लोकर, जे जे उन्हाने विटतं ते सावलीच्या बाजूला. तिथला रुबाब वेगळा. उन्हाच्या बाजूला कुलपं, भांडी, घड्याळं. चामडंही खरं तर उन्हात विटतं, पण बूटवाल्यांच्या वडिलांना सावलीत जागाच मिळाली नाही. त्यातून तिथे एक रीत पडली. प्रत्येक जोडातला फक्त डावा काचेत मांडायचा. उजवा खोक्यात, अंधारात. कुणी काच फोडून नेलाच, तर एका पायाचं करणार काय? वर्षभरात डाव्याचा रंग उडाला की तो उतरवायचा आणि दुसरा ठेवायचा.

एक डावा मात्र बूटवाल्यांनी अकरा वर्षं उतरवला नव्हता. लाल रंगाचा होता. तो त्यांच्या लेकीने शिवला होता.

लेकीला सगळा रस्ता तिरकी म्हणायचा. ती उजवा पाय बाहेरच्या कडेवर टाकायची, त्यामुळे तिची उजवी टाच कायम एकाच बाजूने झिजायची. स्वभावही तसाच, असं काका म्हणाले. मी म्हटलं, मुलगी तोंडावर बोलली की लोकांना ती तिरकीच दिसते.

आई लवकर गेलेली, तेव्हा पोर दुकानातच वाढली. एकोणिसाव्या वर्षी तिने स्वतःच्या मापाचा जोड शिवला, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत एकटीने. बूटवाल्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. टाक्यांवरून बोट फिरवलं. हौस म्हणून छान आहे, म्हणाले. आणि पुढच्याच आठवड्यात कामाच्या पाटावर पुतण्याला बसवलं. तो पुतण्या दोन वर्षांत पाट सोडून पळाला, पण ते नंतरचं. तिरकी त्याच दिवशी निघाली. जोड तिथेच ठेवून. गेली कुठे, तर समोर. सावलीच्या बाजूला, कापडाच्या दुकानात, काच सजवायच्या नोकरीला. मध्ये फक्त रस्ता. काकांनी एकदा मोजला होता, बावीस पावलं.

अकरा वर्षं दोघं रोज सकाळी साडेनऊला आपापली काच पुसायचे. समोरासमोर उभे राहून. एक शब्द नाही. बूटवाल्यांनी तिचा लाल डावा काचेत मधोमध ठेवला होता. कुणी मागितला की म्हणायचे, उजवा सापडत नाही. ते तिला बोलावणं होतं की टोमणा, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तिलासुद्धा. ती एकदा घड्याळाचा पट्टा बदलायला काकांकडे आली होती. जाताना शेजारच्या काचेसमोर थांबली.

"काका, त्यांना सांगा," ती म्हणाली, "नुसता डावा ठेवला तर मी चालत कशी येऊ?"

"मग सांगितलंत?" मी विचारलं.

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. बापलेकीच्या मध्ये आपण कशाला पडा, असं वाटलं म्हणे. मला पुष्कळ बोलायचं होतं. धाकट्या भावाने माझं मनगट दाबलं, म्हणून गप्प राहिले.

ऑक्टोबर संपता संपता समोरची काच बदलायची थांबली. तीन आठवडे तेच निळं कापड, तीच घडी. समोरच्या बाईसाहेब रजेवर आहेत का, असं बूटवाल्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. काकांनी सांगून टाकलं. हॉस्पिटलात आहे, लक्षण बरं नाही, उठा आणि जा. बूटवाले बराच वेळ सुतळी गुंडाळत राहिले. त्यांच्या ओळीतली पाच दुकानं पाडून एक मोठं दुकान होणार होतं, काकांचंही त्यातच होतं. सगळी आवराआवर चाललेली. बुधवारी किल्ली देतो आणि तसाच जातो, ते म्हणाले. जोड घेऊन जातो. हे सोमवारचं बोलणं.

आणि मंगळवारी ते दुकानात गेले.

वीज दुपारीच तोडली होती. काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. शटर अर्धं वर. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खालून यायचा तेवढाच, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. त्याच्या वर अंधार. बूटवाल्यांचं त्यात काही अडत नव्हतं. त्यांना चेहरे कधी लक्षात राहायचे नाहीत, पाय राहायचे. उभा जन्म त्यांनी तो रस्ता गुडघ्यांच्या उंचीवरून पाहिला होता.

भिंतीच्या पलीकडे काका घड्याळं खोक्यात भरत होते. बेचाळीस घड्याळं, सगळी बरोबर वेळ दाखवणारी. नऊ वाजून सतरा मिनिटांनी त्यांना बूटवाल्यांचा आवाज आला. दुकान बंद झालंय, असं ते कुणाला तरी सांगत होते.

पुढचं बूटवाल्यांनी काकांना सांगितलं. एकदाच.

शटर वाजलं नव्हतं. माप घ्यायचं स्टूल करकरलं, म्हणून ते वळले. स्टुलावर कुणीतरी बसलं होतं. उजेडात दिसत होती फक्त पावलं. अनवाणी. उजवं पाऊल थोडं पुढे... बाहेरच्या कडेवर टेकलेलं.

ते पाऊल ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

ते गुडघ्यांवर बसले. वर बघायचं होतं. बघितलं नाही. बघितलं आणि ती उठून गेली तर... अकरा वर्षांनी आलीय. आधी बूट घालू दे. मग बघू. मग बोलू.

त्यांनी खोका उघडला. कागद बाजूला केला. उजवा बूट, कालच शिवल्यासारखा लाल. त्यांनी पाऊल हातात घेतलं. थंड होतं. फार थंड. बूट अलगद चढला. त्यांनी पुढच्या बाजूला अंगठ्याने दाबून पाहिलं, ती चार वर्षांची असल्यापासून दाबत आले होते तसं.

"अंगठा टेकतोय का?"

स्टूल पुन्हा करकरलं.

"नाही, बाबा."

"थांब," ते म्हणाले. "डावा आणतो."

काच सहा पावलांवर. त्यांनी डावा उचलला. विटलेला, जवळजवळ गुलाबी. बाहीने पुसला. परत आले. गुडघ्यांवर बसले. बूट पुढे धरला...

त्याच वेळी काका शटरखालून वाकून आत आले. हातात फोन. तिच्याबरोबर कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंचा हॉस्पिटलातून फोन आला होता. नऊ वाजून पाच मिनिटांनी सगळं संपलं होतं.

रिकाम्या स्टुलासमोर बूटवाले बसले होते. दोन्ही हातांत डावा बूट.

"तिरकी..." काका म्हणाले.

"हो," बूटवाले म्हणाले. "आली होती. आत्ता इथे होती. तुला वाटेत नाही दिसली?"

काका थांबले. मला भूतबीत काही वाटत नव्हतं, नुसता राग येत होता आणि डोळे भरून येत होते.

"वर का नाही बघितलं त्यांनी?" मी विचारलं. "आणि तुम्ही का नाही सांगितलंत तिचं ते वाक्य? बावीस पावलं होती, काका."

काकांनी उठून कपाटातून एक खोका आणला, सुतळी बांधलेला. दिवा लावला. डावा बूटवाल्यांनी तिच्याबरोबर दिला, काका म्हणाले. उजवा बुधवारी सकाळी किल्ली देताना दुकानात सापडला. याच खोक्यात, कागदात नीट गुंडाळलेला. बूटवाल्यांना तो घरात ठेवता येईना. तेव्हापासून काकांकडे आहे.

मी तो हातात घेतला. आत बोटं घालून पाहिलं. अस्तर कोरं, दुकानाचा शिक्काही पुसट झालेला नाही. कुणाचा पाय कधी गेला नाही यात. मग उलटा केला.

टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली होती. पार खिळ्यांपर्यंत.

कानशीने घासली असेल कुणी, मी म्हटलं. काकांनी डोळ्याला लावायचं भिंग पुढे केलं. कानशीचे ओरखडे सरळ असतात. मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. एकही सरळ ओरखडा नव्हता. वर्षानुवर्षांचं चालणं होतं नुसतं.

मी भिंग काढलं आणि बूट टेबलावर ठेवला. दोन्ही हातांनी, अगदी सरळ. हात काढला तसा तो हळूच बाहेरच्या कडेवर कलला आणि तसाच राहिला.