कोऱ्या टेपचा ठपका

"माझी नोकरी जाणार, दाजी. चौकशी सोमवारी आहे, पण निकाल आधीच लागलाय."

ध्वनिमुद्रक खुर्चीच्या कडेवर टेकला होता. अर्धं आयुष्य नभोवाणी केंद्रात गेल्यामुळे एवढा घाबरलेला माणूसही हळू आवाजात बोलत होता.

खाजगी तपास करणाऱ्या या गृहस्थांना सारं शहर दाजी म्हणायचं, कारण सतत सोबत असणारा मेहुणा त्यांना तशी हाक मारायचा. मेहुण्याचं मत कुणी विचारत नसे. तो ते देत असे.

"नीट सांगा," दाजी म्हणाले.

हकिगत अशी होती. एका कलासमीक्षकाने जुन्या नाटकगृहांतल्या दिव्यांवर नभोवाणीसाठी भाषण लिहिलं आणि ध्वनिमुद्रणाआधीच तो वारला. ते त्याच्या थोरल्या बहिणीने वाचावं असं केंद्राने ठरवलं. ती केंद्राची सर्वांत जुनी निवेदिका, सगळ्यांची ताई. ध्वनिमुद्रकाने यंत्र सुरू केलं आणि थेट बातम्यांसाठी शेजारच्या स्टुडिओत धावला. परत आला तेव्हा ताई निघून गेल्या होत्या.

"टेप शेवटपर्यंत फिरलेली. लावून पाहिली, तर आवाज दाखवणारा काटा जागचा हलेना. कोरी! साहेब म्हणतात, तूच पुसलीस."

स्टुडिओला त्या संध्याकाळपासून कुलूप होतं. दाजींनी ते उघडायला लावलं. आत हिरवं कापड घातलेलं टेबल, मायक्रोफोन आणि कागदांचे दोन गठ्ठे.

"पानांना टाचणी का नाही?" दाजींनी विचारलं.

"पान उलटलं की सळसळ माइकात जाते. म्हणून वाचून झालेलं पान तसंच अलगद बाजूला सरकवायचं, दुसरं त्याच्यावर."

मेहुण्याने एक गठ्ठा उचलला. "हे सकाळचं पुस्तक-परिचयाचं भाषण. ताईंनीच वाचलेलं ना? बघा, शेवटचं पान वर, पहिलं तळाशी! काही शिस्त नाही." मग दुसरा उचलला. "हे मात्र शहाण्यासारखं लावलंय. दिव्यांचं भाषण, पहिलं पान वर."

दाजींनी दोन्ही गठ्ठे होते तिथे ठेवले.

साहेब, म्हणजे कार्यक्रम अधिकारी, आपल्या खोलीत फणफणत होते. "नवं यंत्र हवं म्हणून हा कायम कुरकुरतो. मुद्दाम केलंय."

"तुमचं त्याचं फारसं जमत नाही म्हणे."

"विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. पण टेप मी पुसली असं सुचवू नका. मला ते यंत्र सुरूसुद्धा करता येत नाही!" हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

ताईंनी घरी दार उघडलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"मी वाचलं, पानं टेबलावर ठेवली आणि घरी आले. पुन्हा तिकडे फिरकले नाही. पुढचं यंत्राला विचारा."

दाजी निघाले, तेव्हा ताईंनी एकच प्रश्न केला. "त्याची नोकरी खरंच जाईल?"

"साहेबांनीच पुसली," जिना उतरताना मेहुणा म्हणाला. "येत नाही म्हणणाऱ्यालाच सगळं येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी तिघांना यंत्राच्या खोलीत बोलावलं.

"टेप लावा. आवाज वाढवा. अजून. पार शेवटपर्यंत."

आधी खरखर आली. मग खुर्ची करकरली. कुणीतरी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. बऱ्याच वेळाने एक दाबलेला हुंदका ऐकू आला.

"टेप पुसली असती, तर हे उरलं नसतं," दाजी म्हणाले. "यंत्राने आपलं काम केलंय. वाचणाऱ्याने केलं नाही. सरकवलेलं पान आधीच्या पानावर बसतं, म्हणजे वाचून झाल्यावर शेवटचं पान वर यायला हवं. सकाळच्या गठ्ठ्यात तसंच आहे. दिव्यांच्या भाषणात पहिलं पान अजून वरच आहे. खोलीला कुलूप होतं, पानांना कुणी हात लावलेला नाही. ताई, तुम्ही एकही पान सरकवलं नाहीत."



"माझ्या भावाला मोठ्याने वाचायला मीच शिकवलं होतं," ताई म्हणाल्या. "पहिल्या ओळीवर नजर गेली, ती त्याच्याच आवाजात ऐकू आली. माझा आवाज फुटेना. बाहेर येऊन सांगायचं, तर अभिमान आडवा आला. इतक्या वर्षांत मी कधी अडखळले नव्हते." त्या ध्वनिमुद्रकाकडे वळल्या. "आळ तुझ्यावर आला तरी मी गप्प बसले. त्याची मला फार लाज वाटते."

ध्वनिमुद्रक रागावला होता आणि त्याला रडूही येत होतं. "मला सांगायचं ना, ताई! मी काय परका होतो?"

अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. "चौकशी रद्द. भाषण आपण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ."

"दुसऱ्या कुणाकडून कशाला?" ध्वनिमुद्रक म्हणाला. "ताई, चला. बातम्यांना आज दुसरा जाईल. मी इथून हलत नाही."

ताई काचेपलीकडे जाऊन बसल्या. लाल दिवा लागला. पहिल्याच वाक्यात त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी काचेतून त्याच्याकडे पाहिलं.

त्याने यंत्र थांबवलं नाही. हातानेच खूण केली: सावकाश घ्या. ताईंनी डोळे पुसले आणि दुसरं वाक्य घेतलं.