जुन्या फिल्टरचं पाणी

दिपमालानं तांब्या पदराखाली धरला आणि शेजारच्या बेबाबाईला सांगितलं, जरा देवळात जाऊन येते, अक्काकडे आणि माझ्या पोरीकडे, कामिनीकडे लक्ष असू द्या. बेबाबाईनं मान डोलावली. भर बारा वाजता, वैशाखाच्या उन्हात देवळात कोण जातं, असं काही तिनं विचारलं नाही. त्या दिवसांत गल्लीतली प्रत्येक बाई भांडं घेऊन कुठं ना कुठं जातच होती. घरातले नळ कधीचे कोरडे पडले होते, टँकर आला तर आला.

दिपमाला निघाली होती ती जुन्या फिल्टरवर.

तिची सासू सुंदरबाई, जिला सगळे अक्का म्हणत, अंथरुणाला खिळली होती. अन्न सुटलं होतं, डोळे खोल गेले होते, जीव मात्र जात नव्हता. तहान तहान करायची आणि ओठाशी नेलेला प्रत्येक घोट थुंकून टाकायची. टँकरचं पाणी थुंकलं, जारचं थुंकलं, बेबाबाईनं देव्हाऱ्यातून काढून दिलेलं गंगाजलही थुंकलं.

"हाई पानी नही," ती तिच्या अहिराणीत म्हणायची. "तठनं आन... फिल्टरनं."

दिपमालानं बाटलीतलं पाणी तांब्यात ओतून, घ्या अक्का, फिल्टरचं, असंही सांगून पाहिलं होतं. म्हातारीनं नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं.

सोनगीरच्या रस्त्याला वस्ती संपते, तिथं ते फिल्टर, म्हणजे शहराचं जुनं जलशुद्धीकरण केंद्र होतं. एके काळी अख्खं शहर त्याचंच पाणी पीत असे. नदीचं गढूळ पाणी आधी मोठ्या गोल हौदात यायचं, तुरटीनं गाळ तळाशी बसायचा, मग वाळूतून झिरपून ते शहरात जायचं. सुंदरबाईचा नवरा वना तिथं व्हॉल्व्हची लोखंडी चाकं फिरवायच्या कामावर होता. एका पावसाळ्यात, नदीला पूर असताना तो कामावर गेला तो परत आलाच नाही. कुणी म्हणालं सुरतेला पळाला, कुणी म्हणालं बाई ठेवली. तान्ह्या हितेंद्रला कडेवर घेऊन सुंदरबाईनं नातेवाइकांची दारं झिजवली. पूर ओसरल्यावर गाळ काढायला हौद रिकामा केला, तेव्हा वना तळाशी सापडला. तोवर सगळं शहर ते पाणी पीत होतं. सुंदरबाईही पीत होती. त्याच पाण्यात पीठ मळून ती रोज त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवत होती.

हे तिनं कधी कुणाजवळ काढलं नाही. पण भाजीत पाणी ओतताना तिचा हात मधेच थबकायचा, हे दिपमालानं लग्न होऊन आल्यापासून पाहिलं होतं.

पुढं धरणावरून नवी लाईन आली, दुसरीकडे नवं केंद्र झालं आणि याला कुलूप लागलं. पंप काढून नेले, पाइप भंगारात गेले. आता फाटकही कुणी काढून नेलं होतं. दिपमाला आत शिरली तेव्हा बाभळीच्या शेंगा पायाखाली कडकड वाजल्या. गोल हौद कोरडा ठणठणीत होता, तळाच्या मातीला हाताहाताच्या भेगा पडलेल्या. इथं पाणी कुठून असणार? आपण कशाला आलो, असं वाटून तिला रडू फुटलं. घरी जाऊन त्या म्हातारीच्या सुकलेल्या जिभेकडे पुन्हा पाहायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

तेवढ्यात वास आला. ओल्या तुरटीचा, आणि त्याखाली कसलातरी जुना, गोडसर.

वास इमारतीतून येत होता. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचं ऊन जणू कुणी दार लावून बंद केलं. वाळूची टाकी रिकामी, कबुतरांच्या पिसांनी भरलेली. भिंतीत एक पितळी नळ तेवढा राहिला होता, मागं पाइप नसलेला. भिंतीपलीकडे खाली कुठंतरी लोखंडी चाक फिरल्याचा आवाज झाला. कर्र... मग थांबला. मग पुन्हा, सावकाश, जोर लावून फिरवल्यासारखा.

"कोण आहे?" दिपमालानं विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

चाक थांबलं. भिंतीच्या आतून, पाण्याखालून बोलावं तसं कुणीतरी म्हणालं, "कोनासाठे?"

तिला पळायचं होतं. तिनं तांब्या पुढं धरला. "सुंदरबाईसाठी," ती कशीबशी म्हणाली.

चाक पुन्हा कर्र करत फिरलं. मग नळाला पाणी आलं.

घरी येईपर्यंत तांब्या इतका गार पडला होता की हात बधिर झाला. अक्कानं वास घेतला आणि दोन्ही हातांनी तांब्या ओढला. घटाघट प्यायली, शेवटचा थेंबही ठेवला नाही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैलावल्या. भिंतीकडे कूस करून ती शांत झोपली. दिपमालाही तिच्या पायाशी पडली, आणि कित्येक रात्रींची झोप तिच्यावर कोसळली.

तिला जाग आली ती गल्लीतल्या गलक्यानं. ऊन उतरलं होतं. खाट रिकामी होती, आणि खाटेवरची गोधडी पिळून काढावी इतकी ओली होती. सकाळपर्यंत जिला कूस बदलवत नव्हती ती म्हातारी घरात कुठंच नव्हती.

दिपमाला बाहेर धावली. गल्लीच्या तोंडाशी जुन्या लाईनवरचा एक सार्वजनिक नळ होता, वर्षानुवर्षं मेलेला. तो धो धो वाहत होता. बायका हंडे लावत होत्या, पोरं अंगावर पाणी घेत होती. बेबाबाई ओंजळ भरून पीत होती.

"पिऊ नका," दिपमाला म्हणाली. "अक्का सापडत नाहीये... पिऊ नका ते."

एकीचा हंडा तिनं लाथेनं कलंडवला. दोघींनी तिला धरून बाजूला ओढलं. तहानेनं बिचारीचं डोकं फिरलं, असं बायका आपसात बोलल्या. थोड्या वेळानं टँकर आला, ड्रायव्हरनं वाहता नळ पाहिला आणि टँकर दुसऱ्या वस्तीकडे नेला.

कामावरून, दोंडाईच्याहून परतलेल्या दिपमालाच्या नवऱ्यानं, हितेंद्रनं आईला शोधायला सगळं शहर पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांना घेऊन तो फिल्टरवर गेला. हौद कोरडाच होता, मातीत पाऊलही उमटलं नव्हतं, असं त्यानं फोनवर सांगितलं. दिपमालानं नळाचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, भिंतीत कुठलाच नळ नाही.

त्याच दुपारी कामिनीला जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी फोनवर, दवाखान्यात आणा, सलाईन लावू, असं सांगितलं, तोवर पाणी पाजत राहा म्हणाले. घरात होत्या त्या बाटल्या संपल्या. जारवाल्यांच्या बोअर आटलेल्या. दिपमालानं दारन् दार वाजवलं, पण प्रत्येक घरात हंडे त्याच पाण्यानं भरलेले. रिक्षा येतेय, हितेंद्र फोनवर म्हणत होता, निघालोच. पोरीचे ओठ पांढरे पडले, डोळे वर गेले. हाक मारली तरी ती ओ देईना.

दिपमालानं बेबाबाईच्या घरून पेलाभर पाणी आणलं. ते चौपदरी फडक्यातून गाळलं, उकळलं, वारा घालून निववलं आणि रडत रडत चमच्यानं लेकीच्या तोंडात सोडलं.

पहिला चमचा गेला. दुसरा गेला. मग पोरीनं पेलाच धरला.

हळूहळू रंग परतला. कामिनीनं डोळे उघडले आणि आईकडे पाहिलं. तिला आजीची अहिराणी येत नव्हती, शाळेतली मराठीच बोलायची ती.

"दिपमाला," ती हलकेच म्हणाली, "तठे गार शे व..." तिथं गार आहे गं, अक्काच्याच बोलीत.

आणि ती चटईवर भिंतीकडे सरकली, शेजारी आणखी कुणी आडवं होईल एवढी जागा केली, आणि तिथं थोपटत राहिली.