हाक मारल्याशिवाय दार लावायचं नाही

हे घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

खोटं सांगून मला काय मिळणार? तुम्ही घाबरलात म्हणून माझा ट्रक डिझेलशिवाय चालणार नाही. उलट, हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत असं कुणी मला पटवून दिलं, तर मी त्याचे पाय धरीन.

यात मध्यरात्र नाही, स्मशान नाही. उन्हं उतरायची वेळ होती आणि आवारात माणसं होती.

जागा म्हणजे रसायनांचं गोदाम. ॲसिडचे कॅन, ब्लीचचे कॅन, कारखान्यांना जाणारे ड्रम. मी तिथला माल वाहणारा ड्रायव्हर. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तिथला मुकादम. आणि वहिनी तिथेच पॅकिंगला.

आमचं अख्खं घर विषावर पोसलंय, असं मी हसून सांगायचो.

आता नाही सांगत.

दादा कामाच्या बाबतीत महाखडूस. ॲसिड एका टोकाच्या खोलीत, ब्लीच दुसऱ्या टोकाला. दोघांची गाठ पडता कामा नये. बाटल्या खोक्यात भरल्या की खोकं कानाशी धरून हलवायचा. आतून किण्ण झालं की वहिनीलासुद्धा सगळं उपसून पुन्हा भरायला लावायचा. ट्रकमध्ये मी एकदा कॅन आडवा टाकला, तर मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

"बारक्या, ही काय पाण्याची बाटली आहे का रे?"

माझं वजन शंभरीला टेकलंय. पण त्याच्या लेखी मी बारक्याच.

ॲसिडच्या खोलीला खिडकी नव्हती. वर एक पंखा होता, आतली हवा बाहेर फेकणारा. संध्याकाळी तो बंद झाला की जे काही आत असेल ते आतच कोंडायचं. म्हणून दादानं एक शिस्त घालून दिली होती. दार लावण्याआधी उंबरठ्यावर उभं राहायचं आणि हाक मारायची.

"कोण आहे आत?"

मग कान देऊन थांबायचं. आतून उत्तर आलं, तर दार लावायचं नाही. कितीही उशीर होवो, बाहेर कुणी कितीही शिव्या घालो.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो.

आमच्याकडे रिकामे कॅन धुऊन पुन्हा भरतात. धुताना जुनं लेबल खरवडून काढायचं असतं. एका कॅनवर ते तसंच राहिलं. लेबल ॲसिडचं, आत ब्लीचचं पाणी. लेबल बघून कुणीतरी तो कॅन ॲसिडच्या खोलीत नेला. चळत लावताना तो वरून सुटला आणि खालचे ॲसिडचे कॅन घेऊन फुटला.

ही दोन्ही एकत्र आली की काय होतं, हे आमच्यातल्या कालच्या पोरालाही माहीत असतं.

हिरवट पिवळा धूर जमिनीलगत सरकत बाहेर आला.

सगळे वाऱ्याच्या उलट्या दिशेनं, चढावर पळाले. मी माझा ट्रक बाजूला घेऊन उतरलो. दादा दारापाशी उभा होता. तोंडावर रुमाल. त्यानं हाक मारली.

"कोण आहे आत?"

आणि तो कान देऊन थांबला...

"ती आत आहे," तो म्हणाला.

"कोण?"

"कोण काय! तुझी वहिनी! ऐकू येत नाही का तुला? हाका मारतेय मला!"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. शपथेवर सांगतो, आतून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मास्क ऑफिसच्या कपाटात होता. मास्क लावा, मास्क लावा, म्हणून आयुष्यभर आमच्या कानीकपाळी ओरडणारा माझा भाऊ... तसाच आत शिरला.

मी ओरडलो. धुरानं मला मागे रेटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला. हात ओला होता.

"भाऊजी, हे कुठेत?"

वहिनी होती.

ती पॅकिंग शेडच्या मागे नळावर हात धुवायला गेली होती. आरडाओरडा ऐकून वळसा घालून आली होती.

दादाला बाहेर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तो पार शेवटच्या भिंतीपाशी सापडला. तिथे काहीच ठेवलेलं नसतं. एक हात पुढे केलेला होता. कुणाचा तरी हात धरायला जावा, तसा.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ज्याच्या घरातलं माणूस असं गेलंय त्याला ते सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळायचं नाही.

खोली धुतली, हवेशीर केली, पुन्हा माल भरला. वहिनी कामावर परत आली. घरात बसलं की भिंती खायला उठतात, म्हणाली. संध्याकाळी त्या दारात जाऊन हाक मारायला कुणी तयार होईना. ज्याला त्याला नेमकं त्याच वेळी महत्त्वाचं काम निघायचं. शेवटी वहिनी म्हणाली, मी मारते.

तेव्हापासून ती घरी उशिरा यायला लागली.

आणि हळूहळू... सावरली. नीट जेवायला लागली. मला चिडवायला लागली. मला वाटलं, चला, माणूस दुःखातून उठतोय.

एका संध्याकाळी तिला न्यायला मी गोदामावर गेलो. सगळे निघून गेले होते. ॲसिडच्या खोलीचं दार सताड उघडं. समोर एका उलट्या क्रेटवर वहिनी बसलेली, मांडीवर हात ठेवून. बोलत होती.

"आज टेप संपली हो. मग काय, निम्मी खोकी उद्यावर. आणि तुमचा बारक्या पुन्हा सुटलाय, सीटबेल्ट लागेना त्याला."

मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग खोलीकडे वळून हाक मारली.

"अहो... कोण आहे आत?"

पंखा बंद होता. कुठेतरी एक थेंब पडला.

आणि मग आतून, खूप आतून...

"आलो."

दादाचाच आवाज. जेवायला हाक मारली की घरात असाच म्हणायचा. आलो, आलो करत बसायचा आणि ताट गार झालं तरी यायचा नाही. वहिनी त्यावरून किती भांडायची!

ती हसत होती. डोळ्यांत पाणी, आणि हसत होती.

"रोज म्हणतात," ती हळूच म्हणाली. "येत मात्र नाहीत."

ट्रकमध्ये बसल्यावर मला राहवलं नाही.

"वहिनी, तो दादा नाही."

"तुमच्या भावाचा आवाज तुम्हाला ओळखता येत नाही?"

"दादालाही तुमचा आवाज ओळखता येत होता. तुम्ही नळावर होतात, आणि तो तुमच्या आवाजामागे आत गेला. आत जे काही आहे त्याला आवाज काढता येतो."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्याकडे तेवढंच राहिलंय, भाऊजी. तेही काढून घेऊ नका."

मी ट्रक सुरू केला.

मालकांनी गोदाम हलवायचं ठरवलं. नवीन जागा दूर होती. जुनी इमारत पाडणार होते. मी रोज खेपा मारत होतो. वहिनीचं जेवण पुन्हा सुटलं. माझ्याशी बोलणंही तुटलं.

शेवटच्या दिवशी ॲसिडच्या खोलीतले उरलेसुरले कॅन निघाले. त्यातल्या एकाचा तळ जुना होऊन ठिसूळ झाला होता. उचलताच सगळं ॲसिड फरशीवर. पांढरा धूर उठला. वाळू टाकली, सोडा टाकला, आणि सकाळपर्यंत बिनामास्क कुणी आत जायचं नाही असं ठरलं. इतर माणसं फाटकाशी रिकामे क्रेट टेम्पोत चढवत होती. मी ट्रकच्या पट्ट्या आवळल्या आणि वहिनीला शोधायला गेलो.

ती दारात उभी होती.

एक पाय उंबरठ्याच्या आत.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. आतल्या धुरानं माझे डोळे चुरचुरायला लागले.

"सोडा, भाऊजी."

"वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला?"

"उद्यापासून त्यांना हाक कोण मारणार? इमारत पाडणार आहेत. कुठे जातील ते?" तिचा आवाज शांत होता, त्यानंच मी जास्त घाबरलो. "ते माझ्यासाठी आत गेले ना? मग मी त्यांच्यासाठी जायला नको?"

माझा भाऊ गेला होता, आता ही पण चालली होती, आणि माझ्या हातात फक्त तिचं मनगट होतं.

"मग त्यालाच बाहेर बोलवा," मी रडत म्हणालो. "एकदा. माझ्यासाठी."

तिनं खोलीत पाहिलं.

"अहो... या ना बाहेर. दार लावायचंय."

"आलो."

"या मग."

काही नाही. वाळूवर ॲसिड फसफसत होतं, तेवढंच.

आणि मग तो आवाज आला. पहिल्यांदाच वेगळे शब्द. इतके प्रेमळ की माझंही काळीज हललं.

"तूच ये."

वहिनीचा चेहरा उजळला. तिनं माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं. दुसरा पाय उचलला... आणि थांबली.

का कुणास ठाऊक, थांबली.

"मास्क लावून येऊ का?" तिनं विचारलं.

आतून लगेच उत्तर आलं.

"कशाला? तशीच ये."

वहिनी हलली नाही.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना मी पाहिलं. ते कधी विसरणार नाही. दादाला बाहेर काढलं त्या दिवशीसुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता.

तिनं पाय मागे घेतला.

"हे ते नाहीत," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. "मी हातमोजा विसरले तर दोन दिवस बोलायचे नाहीत माझ्याशी. माझा नवरा मला अशी विषात बोलावणार नाही."

"ये ना गं," आतून आवाज आला.

तिनं दोन्ही हातांनी दार ओढलं. कडी घातली. कुलूप लावलं. मग त्या दाराला कपाळ टेकवून ती जी रडली...

"आज गेले हो, भाऊजी. आज गेले."

इतके महिने तिनं त्याला उंबरठ्याच्या आत जिवंत ठेवलं होतं, आणि आज स्वतःच्या हातानं दार लावलं होतं. मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

थोड्या वेळानं ती ट्रककडे निघाली. मी पुन्हा एकदा कडी बघायला मागे राहिलो.

खरं तर इथेच संपवायला हवं. वहिनीला इथपर्यंतच माहीत आहे, कारण इथपर्यंत तीही होती.

पण त्यानंतर...

दाराच्या अगदी मागून आवाज आला. खोल आतून नाही. लाकडाला लागून. माझ्या कानाजवळ.

"बारक्या."

दादाच. पण हा आवाज प्रेमळ वगैरे नव्हता. धाप लागलेला, घाईतला, मला कामाला लावणारा.

"उघडू नकोस. तिला घरी ने."

मी कुलपाला हात लावला. काढला. पुन्हा लावला.

आणि मग मी तिला घरी नेलं.

इमारत पाडली. आता तिथे मोकळी जागा आहे. वहिनी नवीन गोदामात आहे, संध्याकाळी तीच हाक मारते. तिथे उत्तर येत नाही. ती थोडी थांबते आणि दार लावते.

तिला सांगावं की नाही, हे मला अजून कळत नाही. तो शेवटचा आवाजही त्या दुसऱ्याचाच असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण त्याला आम्हाला आत ओढायचं होतं. तो मला 'उघडू नकोस' कशाला म्हणेल?

आणि तो जर खरंच दादा होता, तर इतके महिने तो त्या खोलीत त्या दुसऱ्यासोबत होता. वहिनी रोज हाक मारत होती तेव्हाही. कदाचित दादा रोज तिला 'जा' म्हणत असेल, आणि आम्हाला ऐकू येत नसेल.

उत्तर आलं तर दार लावायचं नाही, असं त्यानंच शिकवलं होतं.

मला उत्तर आलं होतं. कुलूप तसंच ठेवून मी निघून आलो.